सुरगाठीचं प्लास्टिक : विरघळणारं जाळं घ्यावं का, आणि जुन्या जाळ्यांचं काय करावं



पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे जाळ्यांची झाडाझडती सुरू होते. इचोडा, बोथ, नेरडीगोंडा, गुडीहत्नूर, कुठल्याही गावात जा. अंगणात जाळं पसरलेलं, कोणी सुई घेऊन बसलेलं, पोरं शिसं मोजतायत. जे विणून होतं ते विणलं जातं. जे विणण्यापलीकडे गेलं ते तलावाच्या पाळीवर पडतं नाहीतर चुलीत जातं. भंगारवाला बाटल्या घेतो, लोखंड घेतो, जाळं दाखवलं की मान फिरवतो.

यंदा त्यात एक भर पडली. बाहेरगावचा एक विक्रेता दोन-तीन गावांत फिरून गेला. त्याच्याकडे जाळ्याचा नमुना होता. म्हणाला, हे पॉलिस्टरचं आहे, झाडापासून बनलंय, हरवलं तरी पाण्यात विरघळून जाईल, तलाव खराब होणार नाही. भाव मात्र आपल्या तंगुसापेक्षा बराच वर. सात-आठ सभासदांनी आम्हाला विचारलं, सचिवसाहेब, घ्यायचं का?

लगेच हो किंवा नाही म्हणणं सोपं होतं. पण जाळं हे आपलं भांडवल आहे, आणि तलाव आपला पिढ्यांचा आहे. म्हणून आम्ही जरा खोलात गेलो. जे समजलं ते इथे लिहितोय. लेख लांबला आहे, चहा घेऊन वाचा.

आधी आपल्या घरात काय आहे ते पाहू. आपण सरसकट सगळ्याला नायलॉन म्हणतो. तसं ते नाही. तंगूस आणि फेकजाळ्याचा दोरा बहुतेक नायलॉनचा असतो. महाजाळाचा जाड दोरा कधी नायलॉन, कधी पॉलिथिन. वरची तरंगणारी दोरी पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची. जाळ्याला आपण ज्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधतो त्या पॉलिस्टरच्या. हो, बाटली आणि आपल्या बायांची पॉलिस्टर साडी हे एकच द्रव्य आहे. एकाची बाटली फुगवली, दुसऱ्याचा धागा ओढला, एवढाच फरक. आणि ज्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून निम्मे सभासद मासे धरतात ते तिसरंच काहीतरी.

आता कोणतंही प्लास्टिक घ्या, ती एक साखळी असते. लहान लहान कड्या एकाला एक जोडून हजारो कड्यांची लांब साखळी. दोरा किती ओढ सहन करतो ते साखळीच्या लांबीवर ठरतं. पण जाळं जुनं झाल्यावर त्याचं काय करता येईल, हे मात्र ठरतं कड्या एकमेकींना कशा बांधल्या आहेत त्यावर. आणि गाठीबद्दल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे दोन गाठी आहेत, सुरगाठ आणि निरगाठ. होडी काठाला बांधताना सुरगाठ मारतो. कितीही ओढ बसली तरी सुटत नाही, पण मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात मोकळी. जाळ्याच्या डोळ्याला निरगाठ. ती सरकली तर मासा गेला.

पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, थर्माकोल यांच्या साखळीत सोडवायला गाठच नाही. कार्बनला कार्बन चिकटून एकसंध दांडा. पॉलिथिनचा दांडा मूळ कडीपर्यंत मोडायचा तर भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि एवढं करूनही मूळ कडी दहा टक्केसुद्धा परत मिळत नाही. म्हणून अशा प्लास्टिकचं बहुतेक वेळा एकच केलं जातं. वितळवा आणि दुसरं काहीतरी करा. पहिल्यांदा दोरी, मग बादली, मग कुंडी, मग कचरा. दरवेळी माल उतरत जातो. आपल्याकडे थर्माकोलचं तर तेवढंही होत नाही, ते वाऱ्यापाण्याने दाणा दाणा सुटून पाळीभर होतं. सगळ्यांनी पाहिलंय.

पॉलिस्टरचं वेगळं आहे. त्याच्या साखळीत ठराविक अंतरावर गाठ असते. तिला एस्टर म्हणतात. एक आम्ल आणि एक अल्कोहोल जवळ आले, मधून पाण्याचा एक कण निघून गेला, की एस्टरची गाठ बसते. हीच गाठ उलट सोडवता येते. आणि ही गाठ काही परकी नाही. गोडेतेलात हीच असते. तेलात कॉस्टिक सोडा घालून साबण करतात तेव्हा तेलातल्या एस्टरच्या गाठीच सुटतात, दुसरं काही होत नाही. नायलॉनमध्येही गाठ आहे, पण तिचा प्रकार निराळा आणि ती जरा घट्ट. तिच्याकडे नंतर येतो, कारण आपल्या कामाचं खरं तिथेच आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, आम्हाला तरी ती फार गमतीची वाटली. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स नावाचे रसायनतज्ज्ञ होते. १९३० च्या सुमारास त्यांनी आधी पॉलिस्टरचेच धागे ओढून पाहिले. धागे निघाले, पण लवकर वितळायचे आणि गरम पाण्यात टिकायचे नाहीत. असला धागा कोण घेणार? त्यांनी तो मार्ग सोडला, दुसरी गाठ शोधली, आणि १९३५ साली नायलॉन तयार झालं. पुढे १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी कडी बदलून दणकट पॉलिस्टर केलं. तेच आजचं, बाटलीचं आणि साडीचं. म्हणजे जो दोष म्हणून कॅरोथर्सनी पॉलिस्टर बाजूला ठेवलं, पाण्याने आणि उष्णतेने गाठ सुटते म्हणून, तीच गोष्ट आज जगभरचे रसायनतज्ज्ञ मुद्दाम मागतायत. फक्त त्यांना ती आपल्या वेळेला हवी, धाग्याच्या मर्जीने नको.

बाटलीच्या पॉलिस्टरची गाठ सोडवायचं काम आपल्या जवळच झालंय. मुंबईला माटुंग्यात रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जुने लोक तिला यूडीसीटी म्हणतात. १९३३ पासूनची. तिथे डॉ. एस. आर. शुक्ला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी यावर बराच अभ्यास केला. बाटलीचे आणि पॉलिस्टर धाग्याचे तुकडे ग्लायकॉल नावाच्या द्रवात उकळायचे. ग्लायकॉल गाठीत शिरतं, गाठ सुटते, आणि कडी पांढऱ्या पावडरीसारखी हाती येते. हे जगात आधीही करत होते, पण काम लवकर व्हावं म्हणून जस्तासारख्या धातूंचे क्षार घालायचे, ते नंतर सांडपाण्यात जातात. माटुंग्याच्या मंडळींनी त्याऐवजी धुण्याचा सोडा, खायचा सोडा असले साधे पदार्थ वापरून पाहिले. जवळपास तेवढंच उत्पादन मिळालं. २००८ साली त्यांनी हेच काम मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर केलं, तर आठ तासांचं काम पस्तीस मिनिटांवर आलं. (कोणी घरी करायला जाऊ नका. ग्लायकॉल दोनशे अंशांच्या आसपास उकळतं आणि विषारी आहे. घरातला सोडा भज्यांसाठीच ठेवा.)

हे प्रयोगशाळेपुरतं राहिलं नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात अवनखेडला पूर्वी पॉलिजेंटा नावाने ओळखला जाणारा कारखाना आहे. तिथे वापरलेल्या बाटल्यांचा चुरा घेऊन अशाच पद्धतीने गाठी सोडवतात, मळ आणि रंग गाळून काढतात, पुन्हा गाठी बांधतात आणि पॉलिस्टरचा धागा करतात. नुसतं वितळवून केलेल्या धाग्यात आणि यात फरक हा, की कडीपर्यंत मोडून नव्याने बांधल्यामुळे साखळी पुन्हा पूर्ण लांबीची होते. बाटली घाण होती की हिरवी होती, याचा नंतर पत्ता लागत नाही.

म्हणून तर भंगारवाला बाटली घेतो, मंडळी. तो रसायनशास्त्र शिकलेला नाही, पण बाटलीला पुढे गिऱ्हाईक आहे हे त्याला पक्कं माहीत आहे.

पण साध्या पॉलिस्टरची गाठ सोडवायला उष्णता लागते, द्रव लागतं, गाळणी लागते, खर्च लागतो. म्हणून आता शास्त्रज्ञ उलट्या टोकाने विचार करतायत. प्लास्टिक बनवून झाल्यावर ते कसं मोडायचं हे शोधण्यापेक्षा, कसं मोडायचं ते आधी ठरवायचं आणि मग बनवायचं. निरगाठ मारून कात्री शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच सुरगाठ मारायची.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात युजीन चेन नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन नावाची एक कडी घेतली. ही गोल कडी आहे, स्वतःच्याच शेपटीला बांधलेली. ती इतकी सुखात असते की उघडून साखळीत जायला तयारच होत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१६ साली शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीत ती उघडून दाखवली, पॉलिस्टरची साखळी केली. आणि ती साखळी दोनशे वीस ते तीनशे अंशांवर तासभर तापवली की पूर्णच्या पूर्ण परत गोल कड्या. जेवढं घातलं तेवढं परत. अडचण अशी, की हा माल नरम होता आणि त्या थंडीत कारखाना चालवणं परवडण्यासारखं नव्हतं. २०१८ साली त्यांनी कडीला एक जास्तीचं वेटोळं जोडलं. आता साध्या हवेत साखळी होऊ लागली, माल टणक झाला, आणि जस्ताचा एक क्षार घालून एकशे वीस अंशांवर पुन्हा मोकळा.

यातलं मर्म नीट समजून घ्या. कडी साखळीत आरामात राहिली पाहिजे, पण इतकी आरामात नको की परत यायला नाखूश. फार सैल ठेवली तर वापरताना सुटेल, फार घट्ट ठेवली तर कधीच सुटणार नाही. हा तोल कडीच्या आकारात बसवायचा, हीच या विद्येतली कारागिरी. आपल्यातले जुने जाणते लोक गाठीला किती पीळ द्यायचा ते बोटांनी ओळखतात, हे लोक तेच कागदावर आणि काचेच्या भांड्यात करतात.

जाळी-दोरीच्या दृष्टीने आम्हाला जास्त जवळचं वाटलं ते जर्मनीतलं काम. कॉन्स्टान्झ गावी श्टेफान मेकिंग यांच्या गटाने २०२१ साली एक पॉलिस्टर केलं, ते दिसायला-वागायला अगदी पॉलिथिनसारखं. युक्ती अशी, की वनस्पतीच्या तेलातून अठरा कार्बनच्या लांब कड्या काढल्या आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून एक एक गाठ ठेवली. गाठी इतक्या विरळ, की माल पॉलिथिनइतका चिवट राहतो, पाणी शोषत नाही. पण साध्या अल्कोहोलमध्ये एकशे वीस अंशांवर ठेवला, की तेवढ्याच गाठी सुटतात आणि शंभरातल्या शहाण्णवहून जास्त कड्या परत. आधी सांगितलेलं आठवा, साध्या पॉलिथिनला सहाशे अंशांवरही दहा टक्के मिळत नाही. दिसायला दोन्ही दोऱ्या सारख्या. फरक सगळा त्या विरळ गाठींचा.

अशी दोरी आज आदिलाबादच्या बाजारात नाही, आणि इतक्यात येईल असंही आम्ही म्हणत नाही. बाजारात ज्या रूपात नवं पॉलिस्टर येतंय ते दुसरं आहे, पीएलए. त्याची कडी म्हणजे लॅक्टिक आम्ल, दही ज्याने आंबट होतं ते. साखरेपासून किंवा मक्याच्या पिठापासून ते बनवतात. जेजुरीला, आपल्या खंडोबाच्या जेजुरीला, प्राज इंडस्ट्रीज कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. वर्षाला शंभर टन लॅक्टिक आम्ल आणि पंचावन्न टन पीएलए एवढी त्याची क्षमता. हे प्लास्टिक गरम पाण्याने पुन्हा लॅक्टिक आम्लापर्यंत सोडवता येतं, म्हणजे तेही सुरगाठीच्याच जातीचं.

मात्र एक लक्षात ठेवा. झाडापासून बनलं म्हणजे तलावात विरघळेल, असं अजिबात नाही. पीएलए कुजायला साठ अंशांजवळची उष्णता लागते, ती खताच्या मोठ्या कारखान्यात मिळते. आपल्या तलावाच्या गार पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. कशापासून बनलं ही एक गोष्ट, कुठे आणि किती दिवसांत मोडतं ही वेगळी गोष्ट. विक्रेते दोन्ही एकाच दमात सांगतात.

आता त्या विरघळणाऱ्या जाळ्याकडे येऊ.

अशी जाळी खरोखर आहेत. दक्षिण कोरियाच्या सरकारी मत्स्य संस्थेने २००० नंतर ती तयार केली, पीबीएस नावाच्या पॉलिस्टरची. हरवलेलं जाळं समुद्राच्या तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, ते थांबावं म्हणून. समुद्रात दोनेक वर्षांनी या धाग्याला जंतू लागायला लागतात. तिथे सरकारने अनुदान देऊन ती मच्छीमारांना दिली. पुढे नॉर्वेतही त्यांच्या चाचण्या झाल्या, कॉड माशावर, नायलॉनच्या जाळ्याशेजारी ती लावून. विरघळणाऱ्या जाळ्यात मासे कमी आले. धागा नायलॉनइतका मजबूत नाही, आणि त्याचा ताण-लवचीकपणा वेगळा, त्यामुळे कल्ल्यात अडकलेला मासा धरून ठेवायला तो कमी पडतो. आणि जाळं जसजसं वापरात जुनं होतं तसा हा फरक वाढत जातो.

म्हणजे हेतू चांगला, पण किंमत कोणी मोजायची? कोरियात सरकारने मोजली. इथे विक्रेता सांगतोय की तुम्ही मोजा.

दुसरं असं, की ती सगळी चाचणी समुद्रातली, थंड पाण्यातली. आपलं पाणी गोडं. उन्हाळ्यात तलाव अर्धा आटतो, उरलेलं पाणी तापतं, गाळ वर येतो. अशा पाण्यात तो धागा लवकर कुजेल की मुळीच कुजणार नाही, हे कोणी मोजून दाखवल्याशिवाय आपण पैसे का घालायचे? मरळ सहा महिन्यांत जाळं फाडतो की नाही ते आपण स्वतः बघून घेऊ, त्याला विद्यापीठ लागत नाही.

म्हणून आमचं मत सरळ आहे. संस्थेने ही जाळी घाऊक घेऊ नयेत. कोणाला उत्सुकता असेल तर त्याने एकच तुकडा घ्यावा, आपल्या नेहमीच्या तंगुसाशेजारी, त्याच आसेचा, त्याच पाण्यात लावावा, आणि रोजची मासळी दोन्हींची वेगळी वजन करून लिहून ठेवावी. आणि विक्रेता पुन्हा आला तर त्याला विचारा : धागा नेमका कशाचा आहे, पीएलए, पीबीएस की आणखी काही? ओला असताना किती ओढ सहन करतो? गोड्या पाण्यात किती महिन्यांत मोडतो आणि तो कागद कुठे आहे? आणि जुना झाला की परत घेणार का? शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला तर बाकीची उत्तरं ऐकायची गरज नाही. गाठ सोडवणारा कारखानाच मागे नसेल, तर सुरगाठ असून काय उपयोग?

हाच प्रश्न आपल्या जुन्या नायलॉनलाही लागू होतो, आणि इथे मात्र आपल्याला आनंदाची बातमी आहे.

आपल्याकडच्या जाळ्यांचं नायलॉन बहुतेक नायलॉन-६ या जातीचं. १९३८ साली जर्मनीत पाउल श्लाक यांनी ते केलं. त्याची कडी कॅप्रोलॅक्टम, आणि तीही गोल कडी आहे, वर चेन यांच्या गोष्टीत आली तशीच. गोल कडी उघडून साखळी होते, म्हणजे साखळी तापवली की पुन्हा गोल कडीकडे जायची वाट तिच्यात आधीच आहे. कोणी मुद्दाम आखली नव्हती, पण आहे. स्लोव्हेनिया देशात ल्युब्लियाना शहरी अ‍ॅक्वाफिल कंपनीचा कारखाना २०११ पासून हेच करतो. जुनी मासेमारीची जाळी, गालिचे आणतात, कॅप्रोलॅक्टमपर्यंत मोडतात आणि नवा धागा काढतात. २०२३ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टोबिन मार्क्स यांच्या गटाने असं एक मिश्रण शोधलं, की दोनशे चाळीस अंशांवर, कुठलंही द्रव न घालता, नायलॉन-६ मधली नव्व्याण्णव टक्के कडी परत मिळाली. त्यांनी चाचणीला खरीखुरी वापरलेली जाळीसुद्धा घेतली होती.

तेव्हा आपल्या पाळीवर पडलेलं जाळं हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने कचरा नाहीच. अडलंय ते दुसरीकडे. आपला ढीग थोडा, गावोगाव विखुरलेला, गाळाने माखलेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिसळलेला. नायलॉनच्या जाळ्याला पॉलिथिनची दोरी, त्याला शिशाच्या गोळ्या, त्याला पॉलिस्टरची बाटली. हा एकत्र गुंता कोणत्याही भट्टीत घालता येत नाही. भंगारवाला मान फिरवतो ती यासाठी. सरकारचे २०२२ चे प्लास्टिकचे नियम उत्पादकांवर माल परत घेण्याची जबाबदारी टाकतात, पण त्यांचा रोख पॅकिंगच्या प्लास्टिकवर आहे. जाळ्यांसाठी कोणी दारात येणार नाही.

वेगळं करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. दोन बादल्या लागतात.

धाग्याचा बोटभर तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात चोळून धुवा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. मग साध्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. आता दुसऱ्या बादलीत मिठाचं पाणी करा, लिटरला साडेतीनशे ग्रॅम मीठ, आणखी विरघळत नाही इतकं. बुडालेला तुकडा त्यात टाका. वर तरंगला तर नायलॉन, तरीही बुडाला तर पॉलिस्टर. कारण साधं आहे. पाण्याचं वजन एक धरलं तर पॉलिथिन पाऊण आण्याने हलकं, नायलॉन १.१४, घट्ट मिठाचं पाणी १.२ आणि पॉलिस्टर १.३८. बाटलीचं बूच वर तरंगतं आणि बाटलीचा तुकडा बुडतो तेही यामुळेच. आम्ही हे संस्थेच्या ओट्यावर करून पाहिलं. पोरांना तर खेळच मिळाला. एका सभासदाची नायलॉनची म्हणून घेतलेली दोरी साध्या पाण्यात मजेत तरंगत होती. त्याने दुकानदाराला काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

ही चाचणी विकत घेतानाही कामाची आहे. नायलॉन महाग, पॉलिथिन स्वस्त. नायलॉनचे पैसे देऊन पॉलिथिन घरी आणायचं नसेल तर दुकानात एक ग्लास पाणी मागा.

आणि जाळं चुलीत घालू नका, हे हात जोडून सांगतो. नायलॉन जळताना निघणाऱ्या धुरात सायनाइडचा वायू असतो. चुलीपाशी आपल्या बायका आणि लेकरं बसलेली असतात.

जाळं तलावात सोडून देऊ नका हे तर सांगायलाच नको, तरी सांगतो. मागच्या उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गाळातून निघालेल्या एका जुन्या तंगुसात दोन कासवं आणि एक पाणकावळा मेलेला होता. जाळ्याचा मालक कोण ते कोणालाच माहीत नव्हतं. सुताच्या जाळ्यांच्या काळात असं होत नव्हतं, हरवलेलं जाळं सहा महिन्यांत कुजून जायचं. पण त्या जाळ्यांना झाडाच्या सालीचा काढा पाजत बसणं आणि रोज वाळवणं आपल्या आजोबांनी किती आनंदाने सोडलं, तेही घरोघरी माहीत आहे. ते दिवस परत आणायचे असं कोणी म्हणत नाही.

या महिन्याच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे संस्थेच्या खोलीमागच्या शेडमध्ये तीन पोती टांगली आहेत. पांढऱ्यात नायलॉन, निळ्यात तरंगणारी दोरी, हिरव्यात बाटल्या. जाळं आणण्याआधी शिसं आणि दोरी कापून काढा. शिसं तुम्हीच ठेवा, त्याला भाव आहे. गाळ झटकून, वाळवून आणा, ओलं जाळं घेणार नाही. शेड सावलीत आहे हे मुद्दाम, कारण उन्हात नायलॉन कमजोर होतं, मग ते वापरातलं असो की भंगारातलं. वजन वहीत सभासदाच्या नावावर लिहू. दोन-चार क्विंटल एकाच जातीचा, स्वच्छ माल जमला, की नागपूर आणि हैदराबाद दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना नमुना दाखवायचा आहे. दोन्ही शहरं आपल्या याच ४४ नंबरच्या हायवेवर आहेत, भाड्याचा हिशेब मांडता येईल. येतील ते पैसे वजनाप्रमाणे वाटायचे की नव्या दोऱ्यात घालायचे, यावर बैठकीत दोन मतं पडली आहेत, ते पुढच्या बैठकीत ठरेल. थर्माकोल मात्र कृपया शेडमध्ये आणू नका. त्याला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.